हिरवे तंतू ओळखताना या चुका टाळा

रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, श्रावणात कातळातली डबकी शैवालाच्या हिरव्या तंतूंनी भरतात. मूठभर उचललं, हाताला बुळबुळीत लागलं, सूक्ष्मदर्शकाखाली पिळदार हरितलवक दिसलं की वहीत ‘स्पायरोगायरा’ आणि लगेच पुढे जातीचं नाव! प्रजाती (genus) बरोबर आहे, जात (species) मात्र निव्वळ अंदाज.

जात ठरते संयुग्मन झालेल्या, म्हणजे पेशी जोडीनं जुळलेल्या तंतूंवरून. त्यातून तयार होणाऱ्या युग्मबीजाणूचा आकार, त्याच्या मधल्या आवरणाचा रंग आणि नक्षी, दोन पेशींमधल्या आडव्या भिंती सपाट की घडीच्या, पेशीची रुंदी, हरितलवकाचे पट्टे किती, हे सगळं लागतं. कोवळा हिरवा बीजाणू कामाचा नाही. मधलं आवरण पिवळं-तपकिरी होऊ द्यावं. म्हणून डबक्याला खूण करून ठेवावी आणि पाऊस ओसरला की पाणी आटत जाईल तसा दर चार दिवसांनी तिथूनच नमुना घ्यावा. निदान २०-२५ पेशी मोजाव्यात. अख्ख्या हंगामात एक जात नक्की झाली तरी खूप झालं. एका दुपारी दहा नावं लिहिणाऱ्यांच्या याद्या पुढच्यांना वर्षानुवर्षं निस्तराव्या लागतात.

इडोगोनियम या दुसऱ्या तंतुमय शैवालाचंही तसंच. पेशीच्या टोकाशी टोपीसारखी कडी दिसली की प्रजाती कळते. जातीसाठी अंडधानी (अंडपेशी असलेली फुगीर पेशी) हवीच.

दुसरी चूक बाटलीची. गुहागरहून तंतू गच्च कोंबलेली बाटली उन्हात एसटीतून येते. संध्याकाळपर्यंत आतला प्राणवायू संपतो, पट्टे आक्रसून पेशीच्या मध्यात गोळा होतात आणि स्पायरोगायराची नोंद ‘झिग्नेमा’ या वेगळ्याच प्रजातीच्या नावानं होते. चिमूटभर तंतू, भरपूर त्याच जागेचं पाणी, वर रिकामी जागा आणि बाहेरून ओलं फडकं, एवढं पुरतं. नमुना त्याच दिवशी जिवंत पाहावा, चित्र काढावं; उरलेला मग ४ टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहावी.

लाटा आपटतात त्या खडकांवरचे कीटोमॉर्फा अँटेनिना या समुद्री शैवालाचे ताठ झुबके हातानं उपटू नका. लांब तळपेशी आणि तिच्यावरची वलयं खडकालाच चिकटून राहतात, आणि ओळख तिथंच असते. ओहोटीला बोथट चाकूनं तळापासून खरवडून काढा.

खाडीतला किंवा समुद्रातला नमुना नळाच्या पाण्यात धुऊ नका, पेशी फुगून बिघडतात.

एंटेरोमॉर्फा हे शैवाल तंतू नव्हे, पोकळ नळी आहे. २००३ पासून त्याच्या जाती उल्व्हा या प्रजातीत धरतात.

ओल्या मातीवरचा, आडव्या भिंती नसलेला हिरवा तंतू दिसला तर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला नाही, म्हणजे स्टार्च नसला, तर तो बहुधा व्हाउचेरिया, पीतहरित शैवालांपैकी. हिरव्या शैवालांच्या यादीत त्याला घेऊ नका.