हापूसची गूगल जाहिरात सुरू करण्याआधी

पेट्या भरायची घाई सुरू झाल्यावर जाहिरातीचं खातं उघडायला बसू नका. झाडावर फळं सुपारीएवढी असतात तेव्हाच, म्हणजे फेब्रुवारीत, हे सगळं उरकून ठेवायचं. आपला हंगाम मार्चअखेर ते मे, आणि त्यातही खरी आवक एप्रिल-मेमध्ये. त्यातला पंधरवडा सेटिंग शोधण्यात गेला की उरलेला आंबा पुन्हा वाशीच्या दलालाकडेच जातो. गेल्या हंगामात माझ्याकडून फोन आणि व्हॉट्सॲप मोजायची सोय करायची राहिली. क्लिक आले, पैसे गेले, आंबाही विकला गेला, पण कुठल्या शब्दावरच्या खर्चातून कुठली पेटी गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून ही यादी.

खातं, ईमेल, पैसे भरायची सोय ही कामं तुम्ही कराल. जाहिरातदाराची ओळख पडताळणी मात्र आधीच करून घ्या. कागदपत्रातलं नाव आणि खात्यातलं नाव जुळलं नाही तर ऐन एप्रिलमध्ये जाहिराती थांबू शकतात. खर्चावर १८ टक्के जीएसटी लागतो. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे नुसता ताजा आंबा विकणाऱ्याला त्याची वजावट मिळत नाही. तो सरळ खर्चातच धरा.

आता फोन मोजणं. आपलं गिऱ्हाईक वेबसाइटवर कार्ड वापरून पेटी घेत नाही. ते आधी फोन करतं, "कधी पोचेल, आंबा कार्बाइडचा नाही ना" असं विचारतं आणि मग ऑर्डर देतं. वेबसाइट करून देणारा "ऑर्डरचा फॉर्म जोडलाय, सगळं मोजलं जातं" असं म्हणेल. तेवढ्यावर थांबू नका. मोबाइलवर नंबरावर बोट लावणं आणि व्हॉट्सॲपचं बटण दाबणं, या दोन्हींना वेगवेगळं कन्व्हर्जन (क्लिकनंतर गिऱ्हाइकाने केलेली, आपल्याला मोजायची कृती) म्हणून टॅग, म्हणजे ती मोजणारा पानातला छोटा कोड, लावून घ्या. मोजणी 'प्रत्येक'वर न ठेवता 'एक'वर ठेवा, नाहीतर एकाच माणसाचे तीन फोन तीन गिऱ्हाइकं म्हणून दिसतील. नुसतं पान उघडणं कन्व्हर्जन म्हणून कधीही लावू नका. गूगल मग पान उघडणारी माणसंच शोधून आणतं, आंबा घेणारी नाही. शिवाय बटण दाबलं म्हणजे ऑर्डर आली असं नाही. त्यासाठी एक नवं सिम घ्या आणि तो नंबर फक्त जाहिरातीच्या पानावर टाका. त्या नंबरावर आलेली प्रत्येक ऑर्डर वहीत, तारखेसह. हे झाल्याशिवाय पुढचं वाचू नका, कारण पुढचा प्रत्येक आकडा याच्यावर उभा आहे.

"बोली किती लावू?", म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यायला तयार व्हायचं, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. शेजारच्या बागायतदाराला विचारून त्याचं उत्तर मिळत नाही, हिशेब मांडावा लागतो. समजा खोका, पॅकिंग, कुरियर वजा जाता एका पेटीमागे ६०० रुपये उरतात आणि त्यातले २०० जाहिरातीवर घालायची तुमची तयारी आहे. पानावर आलेल्या १०० जणांपैकी ४ जण ऑर्डर देत असतील, तर १०० क्लिकला ८०० रुपये परवडतात, म्हणजे क्लिकला ८. जीएसटी धरला तर पावणेसातच्या आसपास. हा ४ चा आकडा कुठून येतो? फोन मोजल्यावरच. तो नसेल तर ८ आणि ३० यांत काय परवडतं हे तुम्हाला कळणारच नाही. सुरुवातीला जास्तीत जास्त क्लिकची पद्धत घ्या आणि क्लिकमागच्या बोलीला कमाल मर्यादा घाला. ही मर्यादेची चौकट छोटी असते, नजरेतून सुटते. स्वयंचलित बोलीला, म्हणजे गूगल स्वतः ठरवतं त्या बोलीला, शिकायला कन्व्हर्जन लागतात. ते नियमित येऊ लागले की मगच जास्तीत जास्त कन्व्हर्जनच्या पद्धतीकडे वळा. एकदा वळलात की रोज ढवळू नका, मोठा बदल केला की शिकणं पुन्हा सुरू होतं.

पहिल्या जागेचा हट्ट सोडा. जागा नुसत्या बोलीवर ठरत नाही. क्लिक होण्याची शक्यता, शोधलेल्या शब्दाशी जाहिरातीचा मेळ आणि पानाचा दर्जा यांचाही त्यात हिशेब असतो, आणि क्लिकमागे पैसे बहुधा तुमच्या बोलीपेक्षा कमीच कापले जातात. म्हणून बोली वाढवण्याआधी पान सुधारा. पेटीचा भाव, किती डझन, फळाचं वजन, मुंबईला किती दिवसांत आणि पुण्याला किती, बागेचे स्वतःचे फोटो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमची त्यात नोंदणी असेल तर प्रमाणपत्र पानावर दिसू दे. नसेल तर तसा दावा करू नका.

कीवर्ड, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसावी ते, थोडेच घ्या, पण घेणाऱ्या माणसाचे: 'देवगड हापूस ऑनलाइन', 'अल्फान्सो मँगो होम डिलिव्हरी पुणे'. लोक रोमन अक्षरांतही टाइप करतात, तीही रूपं घ्या. 'ब्रॉड' जुळणी (दूरच्या संबंधित शोधांवरही जाहिरात दाखवणारी) सुरुवातीला नको. 'फ्रेज' (त्या शब्दांचा अर्थ असलेले शोध) आणि 'एक्झॅक्ट' (नेमका तोच अर्थ) पुरे. नकारात्मक शब्द, म्हणजे ज्यांवर जाहिरात दिसू नये ते, पहिल्याच दिवशी: रेसिपी, निबंध, रोप, कलम, पल्प, फोटो, नोकरी. इथे गूगल समानार्थी शब्द आपणहून धरत नाही, एकवचन-अनेकवचन दोन्ही लिहावं लागतं. 'भाव' हा शब्द मात्र काढू नका. आजचा बाजारभाव बघणारा व्यापारी त्यात येतो हे खरं, पण पेटी घ्यायला निघालेली पुण्यातली गृहिणीही तोच शब्द लिहिते.

ठिकाण निवडताना मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, जिथे तुमचं कुरियर जातं तेवढंच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ऑनलाइन हापूस कोण घेणार? ठिकाणाच्या पर्यायांत आधीपासून 'तिथे असलेले किंवा त्यात रस असलेले' निवडलेलं असतं. ते बदलून फक्त तिथे असलेले करा, नाहीतर दुबईत बसून पुण्याबद्दल शोधणाऱ्याचेही पैसे तुम्ही भराल. डिस्प्ले नेटवर्क (इतर वेबसाइट आणि ॲपवरच्या जाहिराती) आणि सर्च पार्टनर (गूगलशी जोडलेल्या इतर शोध-साइट) यांच्या खुणा काढा. गूगलच्या शिफारशी आपोआप लागू होण्याची सोयही बंद. गूगल खात्याला देतं ते ऑप्टिमायझेशनचे गुण १०० झाले म्हणजे पेट्या खपल्या असं नाही.

सुरू करण्याच्या आदल्या दिवशी स्वतःच्या मोबाइलवरून पान उघडा, नंबर दाबा, व्हॉट्सॲप दाबा आणि टॅग चालतो का ते टॅग तपासायच्या साधनात बघा. नसेल चालत तर जाहिरात सुरू करू नका. पाडव्याचा मुहूर्त चुकला तरी चालेल.

सुरू झाल्यावर स्वतःची जाहिरात गूगलवर शोधत बसू नका. क्लिक न करता नुसतं बघितल्याने आकडे बिघडतात, खात्यातलं पूर्वदर्शनाचं साधन वापरा. एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुप्पट खर्च दिसला तर घाबरू नका, तशी मुभा त्यांना असते. महिन्याचा खर्च मात्र रोजच्या सरासरी बजेटच्या ३०.४ पटीत राहतो. कालचे कन्व्हर्जन कमी दिसले म्हणून बोली वाढवू नका. सोमवारी क्लिक करणारा गुरुवारी फोन करतो आणि तो फोन सोमवारच्या खात्यात जमा होतो. जाहिरात कमी दिसत असेल तर कारण बघा. बजेटमुळे असेल तर पैसे किंवा ठिकाणं बदला, रँकमुळे, म्हणजे जागा खाली असल्यामुळे, असेल तर पान आणि मजकूर. क्लिक भरपूर पण फोन नाहीत, तर शोधलेल्या शब्दांचा अहवाल उघडा, दोष बहुधा तिथेच असतो. तो अहवाल आठवड्यातून दोनदा.

मजकूर: शीर्षकं १५ पर्यंत देता येतात, प्रत्येकी ३० अक्षरं. आठ-दहा तरी द्या. फोन उचलायला माणूस असेल त्याच वेळात जाहिरात चालू. बाग संपत आली की बजेट उतरवा, शेवटची तारीख आधीच घालून ठेवा, शिल्लक नसलेल्या पेटीची जाहिरात नको. जूनमध्ये मोहीम थांबवा, पुसू नका. शोधशब्दांचा अहवाल आणि बिलं उतरवून घ्या.