खेळाडूचं मूल गेल्यावर क्लबने काय करावं

गोव्यात एखाद्या फुटबॉलपटूच्या घरी मूल दगावलं, की बातमी मडगावहून म्हापशाला पोचायला तासही लागत नाही. पाठोपाठ तिंट्यावर (गावच्या चौकात), मैदानाबाहेरच्या गाड्यावर आणि वाड्याच्या वॉट्सॲप ग्रुपवर बापाचा हिशेब मांडला जातो. तेव्हा तो कुठे होता? रडला का? पुढच्या सामन्याला उतरला कसा, किंवा उतरला का नाही? लोकांची तोंडं धरता येत नाहीत. पण त्या बोलण्याला खाद्य न पुरवणं क्लबच्या हातात असतं, आणि पहिल्या दोन दिवसांत जे होतं त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. हे टिपण संघव्यवस्थापक, प्रशिक्षक आणि कुटुंबाच्या वतीने फोन घेणाऱ्या माणसासाठी आहे.

पहिला दिवस

क्लबकडून एकच माणूस बोलेल आणि घरच्यांकडून एकच, हे आधी ठरवा. घरचा माणूस आईवडील किंवा आजीआजोबा नसावा. मामा किंवा चुलता चालतो. घराबाहेरचा विश्वासू मित्र असेल तर अधिक बरं. खेळाडूचा फोन त्याच्या संमतीने या माणसाकडे द्या. सहकाऱ्यांना प्रशिक्षकाने स्वतः फोन करून सांगावं की कोणीही स्टेटस, फोटो किंवा व्हॉइस नोट टाकायची नाही. पहिली चूक बहुतेक वेळा इथेच होते: एखादा तरुण खेळाडू मनापासून चार ओळी लिहितो, त्यात मृत्यूचं कारण येतं आणि तीच ओळ बातमी होते.

खेळाडूच्या खात्यावरच्या टिप्पण्या बंद करा, पण मुलाचे जुने फोटो काढून टाकू नका. फोटो गायब झाले की ‘काहीतरी लपवतात’ ही कुजबुज लगेच सुरू होते. शिवाय पुढे बापाला तेच फोटो हवे असतात.

क्लबचं निवेदन चार वाक्यांपेक्षा मोठं नको:

‘आमचे खेळाडू (नाव) यांच्या मुलीचे रविवारी निधन झाले. अंत्यविधी खासगी आहे. संघात कधी परतायचे हे ते स्वतः ठरवतील. तोवर क्लब याविषयी आणखी काही बोलणार नाही.’

मराठी, कोकणी आणि इंग्रजी मजकूर एकाच वेळी द्या आणि तिन्हींत तेवढीच माहिती ठेवा. एकात ‘निधन’ आणि दुसऱ्यात ‘अपघाती निधन’ असं झालं, तर लोक त्या फरकावरच कथा रचतात. ‘लवकरच मैदानात दिसतील’ लिहू नका, कारण त्या क्षणापासून लोक दिवस मोजू लागतात. ‘खंबीर’ हा शब्दही टाळा. उद्या तो तीन आठवडे आला नाही, तर हाच शब्द त्याच्या अंगावर येतो. मुलाचं नाव, वय, शाळा, इस्पितळ यातलं काहीही देऊ नका.

पोलीस आले असतील तर

बुडणं, रस्त्यावरचा अपघात, पडणं अशा मृत्यूत पंचनामा आणि शवचिकित्सा होतेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होणारी ही चौकशी मृत्यूचं कारण शोधण्यासाठी असते; तिच्यात कोणी आरोपी नसतो. मात्र ‘पोलिसांत नोंद, तपास सुरू’ एवढं शीर्षक वाचून वाचक बापाकडे बोट दाखवतो. वार्ताहराचा फोन आला, तर ही गोष्ट त्याला एका वाक्यात समजावून सांगा आणि ‘अनैसर्गिक मृत्यूची नोंद’ हेच शब्द वापरायची विनंती करा.

प्रकरण खरोखरच गुन्ह्याचं असेल, तर नियम वेगळे. बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड होईल असा मजकूर प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. बाप प्रसिद्ध असला की त्याचं नुसतं नाव छापूनही मूल ओळखलं जातं. म्हणून क्लबच्या निवेदनाआधी वकिलाला विचारा. अशा वेळी वर दिलेला नमुना वापरू नका.

इथे एक भेद पक्का ठेवायला हवा. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू एड्रियन पीटरसनचा दोन वर्षांचा मुलगा मारहाणीत गेला. आरोप मुलाच्या आईच्या साथीदारावर होता. दोन दिवसांनी पीटरसन सामना खेळला. हे मूल आपलं असल्याचं त्याला थोड्याच काळापूर्वी कळलं होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं, आणि तो कसला बाप, यावर देशभर निवाडे झाले. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाला छडीने मारल्याबद्दल त्याच्यावरच खटला झाला आणि लीगने त्याला निलंबित केलं. दुसऱ्या वेळी तपासायला कृत्य होतं, पुरावा होता, न्यायालय होतं. पहिल्या वेळी लोक केवळ दुःखाची पद्धत तोलत होते. बापाच्या कृत्याबद्दल खरी तक्रार असेल, तर क्लबने खेळाडूची ढाल बनू नये. पण शोक कसा करावा हे ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

दुखवट्याचे दिवस

फार लहान मूल असेल, तर हिंदू घरांत बहुतेक ठिकाणी दहन न करता पुरतात आणि सुतकही थोडक्यात आटोपतं. हे ठाऊक नसलेले लोक ‘बारावंसुद्धा केलं नाही’ म्हणतात. ख्रिस्ती कुटुंबात सातव्या दिवसाच्या प्रार्थनासभेला सगळा गाव येतो आणि तिथे बाप हजर होता की नाही, हे पाहिलं जातं. क्लबच्या लोकांनी विधी कोणता, किती दिवसांचा, हे घरच्यांना विचारून घ्यावं आणि सरावाचं वेळापत्रक त्या दिवसांच्या आसपासही आणू नये.

आणखी एक टोचणी आपल्याकडची आहे. आठ-नऊ महिने बोटीवर असणाऱ्या तारवट्याला गाव ‘पोरांसाठी कष्ट करतो’ म्हणतं. तोच गाव हंगामासाठी कोलकात्याला गेलेल्या फुटबॉलपटूला ‘पोरांना सोडून गेला’ म्हणतो. कोणी तुमच्यासमोर असं बोललं, तर ही तुलना शांतपणे पुढे ठेवा; गोव्यात ती प्रत्येकाला कळते.

आईकडे दुर्लक्ष नको. बापाच्या बातमीखाली ‘आई काय करत होती’ हा प्रश्न येतोच, आणि तिच्या पाठीशी क्लब नसतो. ‘कुटुंब’ म्हणताना तीही त्यात धरली आहे, हे प्रत्यक्ष वागण्यातून दिसू द्या. भावंडं शाळेत जात असतील, तर मुख्याध्यापकांना आधी कळवा. रात्री-बेरात्री बोलायला माणूस हवा असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक घरात लिहून ठेवा.

परतणं

पगार आणि सामन्याचा बोनस या काळात पूर्ण मिळेल, हे पहिल्याच आठवड्यात लेखी द्या. एका हंगामाचा करार असलेला खेळाडू जागा जाईल या भीतीने परततो, आणि लोक म्हणतात पैशासाठी उतरला. दोष कराराचा, बोल बापाला.

तारीख त्यालाच ठरवू द्या. काहींना मैदान हाच श्वास घ्यायचा कोपरा वाटतो, काहींना बूट बघवत नाहीत. दोन्ही बाप तेवढेच खरे. फेब्रुवारी २०२२ मध्ये बडोद्याचा क्रिकेटपटू विष्णू सोळंकी नवजात मुलगी गेल्यावर काही दिवसांतच कटकला परतला आणि चंडीगडविरुद्ध त्याने १०४ धावा केल्या. देशभर कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण त्याचं नाव घेऊन दुसऱ्या खेळाडूला ‘बघ, तो उतरला’ म्हणणं क्रूर आहे. ड्रेसिंग रूममध्ये हे वाक्य उच्चारायला प्रशिक्षकाने बंदी घालावी. कौतुकाचीही फूटपट्टी होते.

दहा-बारा दिवस सराव, झोप आणि जेवण बिघडलेल्या माणसाला थेट ९० मिनिटं खेळवू नका. मांडीचे स्नायू दगा देतात. आधी आठवडाभर संघासोबत सराव, मग शेवटची १५ ते २० मिनिटं. कधीही बाहेर यायचं असेल, तर एक खूण ठरवा आणि ती प्रशिक्षकाइतकीच कर्णधारालाही माहीत असू द्या.

काळी फीत किंवा मिनिटभराचं मौन हवं का, हे त्याला आणि पत्नीला आधी विचारा, मगच सामनाधिकाऱ्यांकडे परवानगी मागा. एप्रिल २०२२ मध्ये रोनाल्डोच्या बाळाच्या मृत्यूनंतर ॲनफिल्डवर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी सातव्या मिनिटाला उभं राहून टाळ्या वाजवल्या; सात हा त्याचा क्रमांक. तो त्या दिवशी मैदानात नव्हताच. म्हणूनच ती कृती सुंदर झाली: त्याच्याकडून तिने काही मागितलं नाही. मडगावच्या फातोर्डा मैदानावर असं काही करायचं, तर त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा लावायचा नाही, असं प्रक्षेपणवाल्यांशी आधी बोलून ठेवा. सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेला दुसरा खेळाडू पाठवा.

घाणेरड्या टिप्पण्या आल्या, तर ब्लॉक करण्याआधी पडद्याचं चित्र घ्या. त्यात दुवा, खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. धमकी असेल, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. दैनिकाने मर्यादा ओलांडली, तर आधी संपादकाला लेखी पत्र, मग मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडे तक्रार. बाकीच्यांना उत्तर देऊ नका. खेळाडूने स्वतः तर मुळीच नाही, कारण बापपणाचा पुरावा मागणाऱ्याला कोणताही पुरावा पुरत नाही.

शेवटचं काम वर्षभर चालतं. क्लबच्या समाजमाध्यमांवर महिनाभर आधी लावून ठेवलेल्या पोस्ट असतात: वाढदिवस, जुने विजय, मुलाला खांद्यावर घेतलेला चषकाचा फोटो. त्या सगळ्या पहिल्याच दिवशी थांबवा. फादर्स डे जूनच्या तिसऱ्या रविवारी येतो. १ जूनलाच त्याला फोन करून विचारा की यंदा त्याचा फोटो असावा की नसावा. तो जे सांगेल ते पोस्ट टाकणाऱ्या मुलाला लेखी कळवा.