स्विमिंग पूलचं दुधाळ पाणी क्लॅरिफायरने कसं निवळावं

सोसायटीच्या पूलचं पाणी हिरवं नाही, पण तळाची जाळी दिसत नाही, ही अवस्था मे महिन्याच्या सुट्टीत हमखास येते. अशा वेळी सगळ्यात आधी पूल बंद करा. गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं मूल काठावरच्या जीवरक्षकालाही दिसत नाही. जाळी काठावरून स्पष्ट दिसेपर्यंत कुणालाही उतरू देऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

मग टेस्ट किट काढा. फ्री क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेला क्लोरीन) १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १ ते ३ भाग, आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.६ हवा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी बहुधा जड असतं. त्यात पीएच चढला की चुन्याचे कण सुटून पाणी पांढुरकं होतं. तिथे आधी ॲसिड घालून पीएच खाली आणावा लागतो. क्लोरीन कमी असेल तर जादा डोस सूर्यास्तानंतर द्या, कारण उन्हात तो झपाट्याने उडून जातो. क्लोरीन आणि ॲसिड एका बादलीत कधीही घालू नका, विषारी वायू होतो. पाण्यावर हिरवी छटा असेल तर ते शेवाळ आहे; ते क्लोरीननेच मारावं लागतं.

क्लोरीन पुन्हा ३ च्या आसपास उतरला की क्लॅरिफायरची पाळी. बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. क्लॅरिफायरमधलं धनभारित पॉलिमर त्यांच्या गुठळ्या करतं आणि त्या गुठळ्या सँड फिल्टरमध्ये अडकतात. म्हणजे पाणी स्वच्छ करतो तो फिल्टरच.

डोससाठी पाणी मोजा: लांबी × रुंदी × सरासरी खोली, मीटरमध्ये, गुणिले १०००. १० बाय ५ मीटरचा, सरासरी १.४ मीटर खोल पूल म्हणजे ७०,००० लिटर. बाटलीवरच्या प्रमाणाइतकंच औषध बादलीभर पाण्यात मिसळून, पंप चालू ठेवून, पाणी आत येतं त्या तोंडांजवळ ओता. अंदाजाने जास्त ओतण्याचा मोह टाळाच: जादा पॉलिमरने सगळे कण धनभारित होऊन पुन्हा एकमेकांना ढकलतात आणि पाणी आणखी गढूळ दिसतं.

आता पंप रात्रंदिवस चालू राहू द्या. विजेचं बिल वाचवायला रात्री बंद केला तर सगळी मेहनत रेंगाळते. फिल्टरच्या गेजवरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआय वर गेला की बॅकवॉश करा, म्हणजे फिल्टरमधून पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुवा.

दोन-तीन दिवसांत फरक पडतो. नाहीच पडला तर दुसरा डोस देण्याआधी फिल्टर उघडून वाळू बघा. ती घट्ट झाली असेल किंवा तिच्यात वाटा पडल्या असतील तर पाणी न गाळताच परत येतं. घाई असेल तर तुरटीही चालते, पण तिची रीत वेगळी. पंप बंद करून गाळ रात्रभर तळाशी बसू द्यायचा आणि सकाळी सावकाश व्हॅक्यूम करून थेट गटारात सोडायचा. तो फिल्टरमधून नेलात तर वाळू चोंदते.