दर्शकाचा रंग फसवतो? या चुका टाळा

परीक्षानळीत फिनॉल्फथॅलिनचे, म्हणजे आम्ल की आम्लारी हे रंगाने दाखवणाऱ्या एका दर्शकाचे, दोन थेंब टाकले, रंग काही आला नाही, आणि वहीत लगेच लिहून टाकलं: 'द्रावण आम्लधर्मी आहे.' नळीत नुसतं पाणी असतं तरी हेच दिसलं असतं! फिनॉल्फथॅलिन सामू (pH: 7 ला उदासीन, त्याखाली आम्ल, वर आम्लारी) 8.2 च्या आसपास गुलाबी व्हायला लागतं, 10 पर्यंत गडद होतं. त्याखाली सगळं रंगहीनच. मिथिल ऑरेंज या दुसऱ्या दर्शकाचा रंग बदलण्याचा पट्टा वेगळा. 3.1 च्या खाली तांबडं, 4.4 च्या वर पिवळं. म्हणजे पिवळा रंग दिसला म्हणून आम्लारी सापडली असं नाही, पाण्यातही ते पिवळंच असतं. द्रावण आपल्या पट्ट्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच दर्शक सांगतो.

हे डोक्यात नसलं की अनुमापनात, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून त्याचं प्रमाण मोजताना, दर्शक चुकीचा निवडला जातो. ॲसेटिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड सोडताना मिथिल ऑरेंज वापरलंत, तर सुमारे 30 टक्केच आम्ल संपलेलं असताना ते पिवळं होऊन बसेल. इथे फिनॉल्फथॅलिनच हवं.

त्यातही एक गंमत आहे. शंकुपात्रात फिकट गुलाबी रंग आला, तुम्ही ब्युरेटचं (थेंब सोडणाऱ्या मोजनळीचं) वाचन घ्यायला वळलात, परत बघता तर रंग गायब. मग आणखी एक थेंब, आणखी एक... थांबा. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो आणि सामू खाली येतो. पात्र हलवल्यावर गुलाबी छटा 30 सेकंद टिकली की तोच अंत्यबिंदू, म्हणजे थांबायची खूण. गडद गुलाबी झालं असेल तर तो केव्हाच मागे पडला. उलट, फार तीव्र आम्लारीत, सामू 13 च्या पुढे, हा गुलाबी रंग हळूहळू आपोआपच उडतो. ते पाहून 'आम्ल झालं' म्हणू नका. द्रावण पुरेसं विरल केलं की रंग परततो.

थेंब जास्त टाकले की रंग ठसठशीत दिसेल, हा समजही सोडा. दर्शक बहुधा स्वतःच सौम्य आम्ल असतो. त्याचा मूळ रेणू एका रंगाचा, हायड्रोजन आयन गमावलेलं रूप दुसऱ्या रंगाचं. तो भरमसाट ओतला की तोच आम्लारी खातो. दोन-तीन थेंब पुरे, आणि पात्राखाली पांढरा कागद.

आम्लात तांबड्या आणि आम्लारीत निळ्या होणाऱ्या लिटमसच्या पट्टीचं दुखणं वेगळं. कोरड्या हायड्रोजन क्लोराइड वायूत कोरडी निळी पट्टी धरलीत तर ती निळीच राहील. आयन तयार व्हायला पाणी लागतं. पट्टी आधी ओली करा. क्लोरीनमध्ये ओली निळी पट्टी तांबडी होऊन पुढे पांढरी पडते, कारण तो रंगच उडवतो. तांबडी पट्टी तांबडीच राहिली तर निळीही लावून पाहा, द्रावण उदासीन असू शकतं. आणि पट्टी थेट बाटलीत बुडवू नका. काचकांडीने एक थेंब तिच्यावर ठेवा.