कंदाची खात्री नाही, पाल्याची आहे: ग्रिलमधल्या कुंडीतला मुळा, बीट आणि गाजर

मुंबईतल्या बहुतेक खिडक्यांच्या ग्रिलमध्ये दिवसाला तीन-चार तासच ऊन पोचतं. एवढ्या उन्हात मुळा बोटाएवढाच राहतो, पाला मात्र भरघोस येतो. तेव्हा लागवड पाल्यासाठीच करावी. खाली कंद धरला तर तो वरकड. बाजारात भाजीवाल्याने पिरगळून तोडून टाकलेल्या पाल्यापेक्षा हा पाला भरवशाचा असतो, कारण त्याला कोणतं पाणी घातलं ते तुम्हाला माहीत असतं. मुंबईत रेल्वे रुळांलगत सांडपाण्यावर पालेभाज्या पिकवल्या गेल्या आहेत, हे विसरू नये.

मुळ्याला दहा-बारा इंच खोल कुंडी घ्यावी, बिटाला आठ इंच पुरते. दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळ खत. रस्त्याकडेची किंवा बांधकामावरची माती घेऊ नका. त्यात शिसं असू शकतं आणि ते पानांपर्यंत पोचतं. ऑक्टोबरचा उन्हाळा सरल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत पेरावं. उन्हाळ्यात पेरायचंच असेल तर मुळ्याचा ‘पुसा चेतकी’ हा वाण उष्णता सोसतो. इतर वाण उन्हाच्या तडाख्याने लवकर फुलोऱ्यावर येतात. तसं झालं तरी उपटू नका, कोवळ्या डिंगऱ्यांची, म्हणजे मुळ्याच्या शेंगांची भाजी होते. बिटाचं बी रात्रभर भिजवून पेरावं. त्याच्या एका खडबडीत दाण्यातून दोन-तीन रोपं निघतात, म्हणून विरळणी करावीच लागते. ती रोपं कोशिंबिरीत चालतात, पण बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचं असेल तर नाही. तो रंग बुरशीनाशकाच्या लेपाची खूण असते.

पाला खुडण्यात बहुतेकांची चूक होते. मधला कोंब कधीच तोडू नये. बाहेरची पानं घ्यावीत, एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही, आणि मध्ये चार-पाच पानं राहू द्यावीत. दर दहा दिवसांनी पुन्हा खुडता येतं. मुळ्याची पानं वीतभर असतानाच घ्या. मोठी झाली की त्यांची लव टोचते आणि ती शिजूनही जिभेला खरखरीत लागतात. कंद उपटल्यावर पाला लगेच कापून वेगळा करा, नाहीतर पानं कंदातलं पाणी ओढून घेतात आणि मुळा संध्याकाळपर्यंत मऊ पडतो.

पानांखाली मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा. तेवढ्याने भागलं नाही तर एक लिटर पाण्यात 5 मिली कडुलिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारा, आणि पुढचे पाच दिवस खुडू नका. धुताना पाला तीन पाण्यांतून काढा. दर वेळी पानं वर उचलून घ्यायची. भांडं उपडं केलं की तळाशी बसलेली माती आणि काजळी परत पानांवर येते.

मुळ्याच्या पाल्याला मूगडाळ उत्तम. 250 ग्रॅम पाल्याला तीन चमचे डाळ अर्धा तास भिजवा. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, सहा लसूण पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या, हळद. मग डाळ आणि पाण्याचा हबका, झाकण ठेवून पाच मिनिटं. त्यावर चिरलेला पाला घालून झाकण न ठेवता शिजवा, म्हणजे उग्र वास निघून जातो. मीठ पाला बसल्यावरच. आधी ढीग पाहून घातलं तर भाजी हमखास खारट होते. चिरलेल्या पाल्याला मीठ चोळून पिळायची सवय कडवटपणा घालवते खरी, पण क जीवनसत्त्वही त्या पाण्याबरोबर जातं. कोवळ्या पानांना त्याची गरजच नाही.

बिटाचा पाला पालकाच्याच कुळातला, म्हणून त्यात मूतखड्याला हातभार लावणारं ऑक्सॅलेट भरपूर. त्याची ताकातली पातळ भाजी करावी. ताकातलं कॅल्शियम ऑक्सॅलेटला पोटातच बांधून ठेवतं. देठ वेगळे चिरून भिजवलेली चणाडाळ आणि शेंगदाण्यांबरोबर आधी शिजवा, पानं शेवटची चार मिनिटं. दोन वाट्या ताकात एक चमचा बेसन गुठळ्या न ठेवता कालवून घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. मोठी आच झाली की ताक फुटतं. मूतखड्याचा त्रास असेल तर पानं आधी उकळून ते पाणी फेकावं, आणि तरीही बेतानेच खावं. या सगळ्या पाल्यांत के जीवनसत्त्व जास्त असतं. रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन किंवा असेनोकुमॅरॉल घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच आहारात बदल करावा.

गाजराच्या पाल्याची भाजी कडवट होते. त्यापेक्षा चटणी करा: वाटीभर कोवळी पानं, दोन चमचे भाजलेले शेंगदाणे, दोन मिरच्या, लसूण, मीठ, लिंबू. देठ टाकून द्या, ते चिवट असतात. किंवा दोन वाट्या भाजणीत वाटीभर पाला घालून थालीपीठ लावा. एक सावधगिरी मात्र हवीच. बाहेरून आणलेल्या मातीतून कुंडीत गाजर गवत उगवतं, आणि ते नावाप्रमाणेच गाजराच्या पानांसारखं दिसतं. ते विषारी आहे, अंगालाही खाज आणतं. हातमोजा घालूनच पान चुरगळा, गाजराचा वास आला नाही तर ते रोप उपटा. बटाट्याचा पाला तर कधीच खाऊ नये, त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य असतं.

पावसाळ्यात मुळा-बीट कुजतात, तेव्हा कुंडीत रताळ्याचा वेल लावा. सहा इंचाचा शेंडा ओल्या मातीत खोचला की आठवड्याभरात मुळं धरतो. कोवळे शेंडे खुडून लसणाच्या फोडणीवर पाच मिनिटं परता. खुडाल तितके फुटवे येतात.