जुनी जर्मन सेडान घेताय? किलोमीटर मोजत बसू नका, या चुका टाळा

नवी असताना जिच्या किमतीत पुण्याच्या उपनगरात फ्लॅट आला असता, ती पंधरा-सतरा वर्षांची बीएमडब्ल्यू ५३०आय आज साध्या नव्या हॅचबॅकच्या पैशांत मिळते. गाडी स्वस्त झाली तरी तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत, हे एव्हाना बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की या गाड्या चालून झिजतात त्यापेक्षा उष्णतेने आणि नुसत्या वयाने अधिक खराब होतात. इंजिनातले धातूचे भाग नीट सांभाळल्यास दोन-तीन लाख किलोमीटर सहज काढतात. पण त्यांच्याभोवतीचे रबर, प्लॅस्टिक, सील आणि वायरिंग यांचे घड्याळ मीटरवर नव्हे, कॅलेंडरवर चालते. हा एक मुद्दा डोक्यात पक्का असला, तर पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका आपोआप टळतील.

हे लिखाण मुख्यतः बीएमडब्ल्यूच्या ई६० या पिढीबद्दल, म्हणजे २००३ ते २०१० या काळातल्या फाइव्ह सिरीजबद्दल आहे. कंपनीचा चेन्नईचा कारखाना मार्च २००७ मध्ये सुरू झाला, त्यामुळे आपल्या बाजारात दिसणाऱ्या या गाड्या बव्हंशी त्यानंतरच्या आहेत. माझी स्वतःची गाडी ५३०आय आहे, एन५२ या तीन लिटरच्या, एका रांगेत सहा सिलिंडर असलेल्या पेट्रोल इंजिनाची.

मीटरवरच्या आकड्यावर भुलणे

‘फक्त अडतीस हजार किलोमीटर, एका डॉक्टरांची गाडी’ अशी जाहिरात दिसली की लोक टोकन द्यायला धावतात. सतरा वर्षांत अडतीस हजार म्हणजे महिन्याला दोनशे किलोमीटरसुद्धा नाहीत. अशी गाडी बहुधा घर ते दवाखाना एवढीच धावलेली असते, तिचे इंजिन क्वचितच पुरते तापलेले असते आणि किलोमीटर भरले नाहीत म्हणून ऑइलही वर्षानुवर्षे बदललेले नसते. हायवेवर नियमित धावलेली, एक लाख तीस हजारांची आणि बिलांची जाडजूड फाइल असलेली गाडी मी तिच्याआधी पाहीन. शिवाय मीटर मागे फिरवणे अवघड नाही. किलोमीटरची नोंद मीटरखेरीज चावीशी बोलणाऱ्या मॉड्यूलमध्ये आणि खुद्द चावीतही राहते, म्हणून कंपनीच्या प्रणालीवर हे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्याचा आग्रह धरावा. दुसरी चावी हरवल्याचे सांगितले जात असेल, तर त्या हरवण्याचे कारणही विचारावे.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी विक्रेत्याला ती सुरू न करण्याची विनंती करावी आणि पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून पाहावा. गरम इंजिन पुष्कळ गोष्टी लपवते. थंड इंजिनाची पहिल्या मिनिटातली टकटक, पाच-दहा मिनिटे उभ्याने चालू ठेवल्यानंतर ॲक्सिलरेटर दाबताच येणारा निळसर धूर आणि एसीच्या वाटे आत येणारा जळक्या ऑइलचा वास यांतून जे कळते, ते विक्रेत्याच्या तासभराच्या बोलण्यातूनही कळत नाही.

पाण्याकडे दुर्लक्ष

एन५२ या इंजिनात, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप पट्ट्यावर चालत नाही. तो विजेवर चालतो आणि त्याला किती वेगाने फिरायचे हे संगणक ठरवतो. ही कल्पना उत्तम आहे, फक्त हा पंप मरताना पूर्वसूचना फारशी देत नाही. त्यात ई६०च्या मीटरमध्ये पाण्याच्या तापमानाचा काटाच नाही. मीटरच्या लपवलेल्या तपासणी मेनूत तापमान अंकांत दिसते, पण ते माहीत असलेले मालक थोडे.

माझ्या गाडीचा पंप पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर गेला. आधी पुढचा पंखा विमानासारखा घोंगावू लागला आणि पाठोपाठ पडद्यावर पिवळे चिन्ह उमटले. मी गाडी कडेला घेऊन तत्काळ इंजिन बंद केले. हे श्रेय शहाणपणाचे नाही, पंख्याच्या आवाजाने घाबरल्याचे आहे. पण त्यामुळेच सिलिंडर हेड वाचले. चिन्ह लाल होईपर्यंत ‘घाट उतरून बघू’ म्हणत गाडी दामटणाऱ्यांना पंपासोबत हेडचाही खर्च येतो. मनस्ताप याचा, की सहा महिने आधी एका गॅरेजने स्कॅनर लावला तेव्हा पंपाच्या वेगातील फरक दाखवणारा २ई८१ हा बिघाडाचा कोड तिथे नोंदलेला होता, आणि त्यांनी ‘जुना कोड आहे, पुसून टाकला’ असे सांगून मला घरी पाठवले होते. मीही खूश होऊन आलो होतो.

म्हणून पंप बदलल्याचे बिल नसलेली दहा-बारा वर्षांपुढची गाडी घेतल्यास पंप, थर्मोस्टॅट, रबरी होज आणि प्लॅस्टिकची एक्स्पान्शन टाकी हे सारे एकदमच बदलावे, कारण उकलण्याची मजुरी तीच असते आणि सुटे भागही एकाच वयाचे असतात. यात दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे पंपाचे ॲल्युमिनियमचे बोल्ट पुन्हा वापरणे; ते एकदाच ताणण्यासाठी बनवलेले आहेत आणि दुसऱ्या वेळी तुटून आतच अडकतात. दुसरी म्हणजे पाणी भरून, झाकण लावून, थेट इंजिन सुरू करणे. या गाडीतली हवा पंप स्वतःच काढतो. टाकी ‘मॅक्स’पर्यंत भरून झाकण लावायचे, इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करायचे, हीटर सर्वांत गरम आणि हवेचा झोत सर्वांत मंद ठेवायचा आणि ॲक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबून धरायचा. मग पंप सुमारे बारा मिनिटे आपोआप फिरत राहतो, त्याचा वर-खाली होणारा गुरगुराट बाहेर ऐकू येतो आणि टाकीतली पातळी हळूहळू खाली जाते. या काळात बॅटरीला चार्जर जोडलेला बरा. ज्या मेकॅनिकला ही रीत ठाऊक नाही, त्याच्या हाती या गाडीचे पाणी देऊ नये. आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी तर कोणाच्याही हातून घालू नये. कंपनीने सांगितलेले कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचेच मिश्रण भरावे.

ऑइलची गळती ‘चालायचीच’ म्हणून सोडणे

‘जर्मन गाडी आहे साहेब, थोडे ऑइल गळणारच,’ हे वाक्य मी इतक्या गॅरेजांत ऐकले आहे की आता त्याचा रागही येत नाही. ऑइल फिल्टर ज्या घडणीत बसतो तिच्या बुडाशी एक रबरी गॅस्केट असते. ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बांगडीसारखे कडक होते आणि तिथून झिरपणारे ऑइल खाली फिरणाऱ्या पट्ट्यावर पडते. ऑइल पिऊन फुगलेला पट्टा पुलीवरून घसरतो, फाटतो, आणि त्याच्या चिंध्या क्रँकशाफ्टच्या पुढच्या सीलमधून इंजिनात ओढल्या गेल्याची उदाहरणे आहेत. गॅस्केट स्वस्त असते, मजुरी अर्ध्या दिवसाची. न बदलल्यास होणारे नुकसान इंजिनाएवढे. गाडी पाहताना या घडणीच्या खाली बोट फिरवावे. बोट काळे आणि ओले आले, तर किंमत उतरवून मागावी आणि गाडी घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात हे काम करून घ्यावे.

या इंजिनात ऑइलची पातळी पाहण्याची डिपस्टिक नाही, सेन्सर आहे. त्यामुळे बॉनेट उघडून काडी पुसून पाहण्याच्या सवयीचा इथे उपयोग नाही; इंजिन गरम झाल्यावर पडद्यावर पातळी पाहावी आणि ती दर दोन आठवड्यांनी पाहावी. ऑइल निवडताना डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ एवढेच वाचून थांबू नये, तर बीएमडब्ल्यूची लाँगलाइफ मान्यता लिहिलेली आहे का, हे पाहावे. पडद्यावर पंचवीस-तीस हजारांनी सर्व्हिस मागितली जात असली, तरी आपल्या उन्हात, धुळीत आणि चांदणी चौकातल्या वाहतुकीत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते धरावे.

‘लाइफटाइम’ या शब्दावर विश्वास

गिअरबॉक्सचे ऑइल जन्मभर पुरते, असे बीएमडब्ल्यूने सांगितले. पण तो सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ज्या झेडएफ कंपनीने बनवला, ती स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. माझे मत झेडएफच्या बाजूने आहे. सिग्नलपाशी गाडी थांबत येताना दुसऱ्यावरून पहिल्या गिअरला बसणारा धक्का, किंवा साठ-सत्तरच्या वेगाने हलक्या पायाने जाताना रस्ता खडबडीत असल्यासारखी जाणवणारी थरथर, ही जुन्या ऑइलची आणि कडक झालेल्या सीलची लक्षणे असतात. हा गिअरबॉक्स बाद झाला असे समजून ‘कट’चा, म्हणजे मोडीत काढलेल्या गाडीतला, दुसरा आणून बसवण्यापूर्वी ऑइल, फिल्टर आणि गिअर बदलण्याचे नियंत्रण करणाऱ्या मेकॅट्रॉनिक युनिटची सील बदलून पाहावीत. फिल्टर प्लॅस्टिकच्या तळपात्रातच जडवलेला असल्याने ते पात्र अख्खे बदलावे लागते. ऑइलची पातळी इंजिन चालू असताना आणि ऑइल ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतानाच तपासायची असते. बॉक्स त्याहून तापलेला असताना ओसंडू लागले म्हणून बूच लावले, तर ऑइल कमी भरले जाते आणि नव्या ऑइलानंतर ‘गाडी अधिकच बिघडली’ अशी तक्रार सुरू होते.

कोड वाचून पार्ट बदलत सुटणे

ऑनलाइन मिळणारा हजार रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मुख्यतः उत्सर्जनाशी संबंधित कोड वाचतो. गाडीतल्या इतर डझनावारी मॉड्यूलांचे म्हणणे त्याला ऐकू येत नाही. बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, मर्सिडीजसाठी झेंट्री किंवा ऑडीसाठी व्हीसीडीएस हे तपासणीचे सॉफ्टवेअर असलेले गॅरेज आधी शोधावे आणि मगच गाडी घ्यावी. मात्र कोड म्हणजे निदान नव्हे. ‘मिश्रण पातळ’ (पेट्रोलच्या मानाने हवा जास्त) असा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई होते, आणि दोष निघतो भेगाळलेल्या एखाद्या रबरी नळीतून आत शिरणाऱ्या हवेत. नळी शोधायला इंजिनात धूर सोडून गळती पाहणारे यंत्र लागते. ते ज्याच्याकडे आहे तो मेकॅनिक महाग वाटला, तरी अखेरीस स्वस्त पडतो.

एकाच वेळी दहा-बारा असंबद्ध कोड आले, तर सर्वप्रथम बॅटरी तपासावी. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. ती बरीच खाली असेल, तर बाकीचे कोड कमी दाबाने गोंधळलेल्या मॉड्यूलांची बडबड असू शकते. या पिढीतल्या ज्या गाड्यांत बॅटरीचा सेन्सर आहे, त्यांत नवी बॅटरी बसवल्यावर संगणकात तिची नोंद करावी लागते, अन्यथा तो नव्या बॅटरीला जुनी समजून चार्ज करत राहतो. बॅटरी डिकीत असल्यामुळे पावसाळ्यात तिथला गालिचा उचलून पाहावा. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या आणि विंडस्क्रीनखालची पन्हाळ पानांनी तुंबली असेल, तर पाणी गाडीत उतरते. कोकणात झाडाखाली राहिलेल्या गाडीत हे आवर्जून तपासावे.

सुट्या भागांबाबत एवढेच, की बीएमडब्ल्यूचे चिन्ह असलेल्या खोक्यातला सस्पेन्शन आर्म आणि लेमफर्डर या मूळ उत्पादकाच्या खोक्यातला आर्म बहुधा एकाच कारखान्यातला असतो. दुसरा बराच स्वस्त पडतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून दरवाजा, सीट किंवा हेडलाइट आणायला हरकत नाही, पाण्याचा पंप आणि सील आणू नयेत.

दुसरी गाडी बघत असाल, तर थोडक्यात. ५३०डी या डिझेल गाडीच्या इनटेकमधल्या, हवेला भोवरा देणाऱ्या स्वर्ल फ्लॅप नावाच्या झडपा तुटून इंजिनात जाऊ शकतात. ५२०डीच्या एन४७ इंजिनाची टायमिंग चेन मागच्या बाजूला आहे आणि तिच्या खडखडाटाकडे दुर्लक्ष करू नये. मर्सिडीजच्या डब्ल्यू२११ ई-क्लासमध्ये २००६च्या बदलापूर्वी एसबीसी ही इलेक्ट्रॉनिक ब्रेकप्रणाली होती, शक्यतो नंतरची गाडी पाहावी. सुरुवातीच्या ई३५०च्या एम२७२ इंजिनात बॅलन्स शाफ्टच्या गिअरचे दाते झिजतात, म्हणून इंजिन क्रमांक तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बीएमडब्ल्यूची व्ही१० इंजिनाची वेगवान एम५ मोहात पाडते, पण तिच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा इतिहास कागदावर नसेल, तर ती दुरूनच पाहावी.

कागदपत्रे शेवटी पाहणे

दिल्लीत डिझेल गाड्यांना दहा आणि पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची मर्यादा लागू झाल्यावर तिथल्या अनेक आलिशान गाड्या महाराष्ट्रात आल्या. त्यात वाईट काही नाही. पण मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), तिचा फॉर्म २८, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आणि इथल्या कराचा आकडा हे सौदा होण्याआधी हाती असावे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण, त्यासाठीची तपासणी आणि पर्यावरण कर हेही येतात. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क साध्या मोटारीसाठी ५,००० रुपये आणि आयात मोटारीसाठी ४०,००० रुपये झाले, म्हणून चेन्नईत जुळवलेली गाडी आणि थेट आयात झालेली गाडी यांतला फरक आरसीवरच पाहून घ्यावा.

विम्याच्या बाबतीत एक गोष्ट फार उशिरा कळते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला, की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. आयडीव्ही चार लाख असेल, तर ही मर्यादा तीन लाखांची. आणि पुढून बसलेल्या बऱ्यापैकी धडकेत दोन झेनॉन हेडलाइट, रेडिएटर, बंपर आणि एअरबॅग मिळून तीन लाख सहज ओलांडतात. गाडी तुम्हाला दुरुस्त होण्यासारखी दिसत असते, विमा कंपनीला मात्र ती भंगार दिसते. आयडीव्ही कमी ठरवून हप्त्यात वाचवलेले दीड-दोन हजार रुपये तेव्हा आठवतात.

राहता राहिली सवय, रविवारी सकाळी गाडी जागच्या जागी दहा मिनिटे सुरू ठेवून बंद करण्याची. तेवढ्यात ऑइल पुरते तापत नाही, आत साचलेला बाष्पाचा ओलावा उडून जात नाही, आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा पांढरट थर जमतो. मी आता आठवड्यातून एकदा भल्या पहाटे, रस्ते मोकळे असताना, बायपासने तासभर गाडी चालवून आणतो. परत आल्यावर बॉनेट उघडून फिल्टरच्या घडणीखाली बोट फिरवतो आणि मगच वर चहाला जातो.