उभारणी चालू असलेल्या महादुर्बिणीचे छायाचित्रण : या चुका टाळा

चिलीतील अटाकामा वाळवंटात, सेरो आर्माझोनेस या 3046 मीटर उंचीच्या शिखरावर, 39 मीटर व्यासाचा मुख्य आरसा असणारी ‘एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप’ ही युरोपीय दक्षिण वेधशाळेची दुर्बीण उभी राहत आहे. घुमटाला बाहेरचे आवरण चढले की आतला पोलादी सांगाडा दृष्टीआड होतो आणि आरशाचे 798 षटकोनी तुकडे बसले की त्यांना पेलणारे आधारही झाकले जातात. त्यामुळे अशा ठिकाणी चुकलेले छायाचित्र पुन्हा घेण्याची संधी बहुधा मिळत नाही.

सर्वांत जास्त आढळणारी चूक आकारमानाची आहे. सुमारे 80 मीटर उंचीचा घुमट मोकळ्या आभाळासमोर एकटाच टिपला, तर तो आठ मीटरचा आहे की ऐंशी, हे ओळखण्याचे कोणतेही साधन पाहणाऱ्याजवळ उरत नाही. त्यावर उपाय म्हणून वाइड अँगल लेन्स लावून एखाद्या कामगाराला कॅमेऱ्याजवळ उभे केले, तर माणूस मोठा आणि दुर्बीण लहान दिसते, शिवाय कॅमेरा वर उचलावा लागल्यामुळे उभे खांब आतल्या बाजूला झुकतात. दूर जाऊन, लांब पल्ल्याच्या लेन्सने, सांगाड्यावर प्रत्यक्ष काम करणारी माणसे त्याच अंतरावर चौकटीत घ्यावीत. माझ्या मते या विषयात याहून महत्त्वाचे तंत्र नाही. मात्र अशी छायाचित्रे सकाळी लवकर घ्यावीत, कारण तापलेल्या जमिनीवरची हवा हलू लागली की दूरची कड धूसर येते आणि तो दोष लेन्सचा समजला जातो.

उत्तर गोलार्धातून जाणारे छायाचित्रकार तेथील सूर्याची दिशा विसरतात. आर्माझोनेस मकरवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने माध्यान्हीचा सूर्य वर्षभर उत्तरेकडे असतो, आणि इमारतीची दक्षिण बाजू त्या वेळी सावलीत राहते. घुमटाच्या आत अडचण वेगळी असते: उघड्या झरोक्यातले आभाळ आणि खालचा अंधारा सांगाडा एकाच एक्स्पोजरमध्ये (कॅमेऱ्यात एका वेळी घेतलेल्या प्रकाशाच्या मात्रेत) मावत नाहीत. ट्रायपॉड न हलवता कमी-अधिक एक्स्पोजरची तीन छायाचित्रे घ्यावीत आणि ती रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात) ठेवावीत, म्हणजे दिव्यांचा व उन्हाचा मिसळलेला रंगही नंतर सुधारता येतो.

टाइमलॅप्समध्ये, म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेली छायाचित्रे जोडून केलेल्या चलच्चित्रात, चित्र लुकलुकत असेल, तर कारण बहुधा स्वयंचलित एक्स्पोजर हे असते. क्रेनचा उजळ भाग चौकटीत येताच कॅमेरा उरलेले दृश्य काळवंडून टाकतो. काही तासांच्या कामासाठी सर्व मूल्ये हाताने ठरवावीत. दर मिनिटाला एक छायाचित्र घेतल्यास दहा तासांची 600 छायाचित्रे होतात आणि सेकंदाला 24 या गतीने ती 25 सेकंद चालतात, पण वर्षभरातली वाढ दाखवायची असेल तर रोज ठरावीक वेळी एकच छायाचित्र पुरते, फक्त ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा पक्क्या हव्यात.

आरशाजवळ फ्लॅश वापरू नये; परावर्तनाने छायाचित्र बिघडते आणि उंचावर काम करणाऱ्याचे डोळे दिपणे धोक्याचे असते. कॅमेरा, लेन्सचे झाकण, खिशातला मोबाइल, सारे दोरीने बांधलेले असावे, कारण वरून पडलेली लहानशी वस्तूही आरशाच्या तुकड्याला तडा देऊ शकते. रात्री छायाचित्रण करायचे असल्यास प्रकाशाविषयीचे नियम आधी विचारून घ्यावेत: जवळच पारानाल वेधशाळेच्या कार्यरत दुर्बिणी आहेत आणि तेथील निरीक्षणांना परका उजेड सहन होत नाही.